दोनकाठ क्लबच्या मुलखात

कोल्हापूरच्या बाईला कुणी फुटबॉल बघायला दौंड तालुक्यात बोलावलं, तर तिनं आधी पोटभर हसून घ्यावं, अशी आमच्या गल्लीची रीत आहे. मीही हसून घेतलं. माझा जन्म पेठेतला. वडील तालमीच्या संघातून खेळायचे, पुढं दोन्ही भाऊ खेळले, आणि सामना असला की आमच्या घरात भाजीला मीठ पडलंय की नाही याची कुणाला शुद्ध नसायची. आमचं मसाल्याच्या कांडपाचं दुकान आहे, ते सामन्याच्या दिवशी दुपारनंतर बंद. गिऱ्हाईक कुरकुर करत नाही, कारण तेही सामन्यालाच निघालेलं असतं.

तर माझी भाची अश्विनी तिथल्या राहू गावी दिलेली. तिचा नवरा सचिन तिथल्या दोनकाठ फुटबॉल क्लबचा कप्तान. अश्विनी फोनवर म्हणाली, "मावशी, लीगचा शेवटचा सामना आपल्या मैदानावर आहे. जिंकलो तर राज्याच्या वरच्या लीगमध्ये जातोय. तू यायलाच पाहिजेस."

मी म्हटलं, "तुमच्याकडं कबड्डी असते ना गं?"

तिनं फोन आपटला. मग मात्र जाणं आलंच.

यवत

सोलापूर रस्त्यावर यवतला उतरले, तेव्हा ऊन टळटळीत होतं आणि सचिनचा मोटरसायकलवाला मित्र अजून यायचा होता. समोरच्या ढाब्यात शिरले. मिसळ मागवली. तर्री बघितली आणि न राहवून म्हणाले, "रंग आहे, पण तिखट कुठाय?"

गल्ल्यावरचा माणूस वळला. "कुठनं आलाय म्हनायचं तुम्ही?"

"कोल्हापूर."

"व्हय का! मंग बराबर. आन् हिकडं कुठं?"

"राहूला. सामना बघायला."

एवढं म्हटल्यावर तो माणूस गल्ला सोडून बाहेर आला आणि माझ्यासमोर बाकावर बसला. भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारी एका संघाचा मोठा फोटो लावला होता. हिरवे शर्ट, पाठमोरे उभे राहून काढलेला. फुटबॉलच्या संघाचा पाठमोरा फोटो मी पहिल्यांदाच बघत होते. पाठीवर नंबराच्या वर खेळाडूचं नाव असतं तिथं लिहिलं होतं, 'पुलाजवळचं गुऱ्हाळ', 'चिंचेखालचं गुऱ्हाळ', 'खालच्या आळीचं गुऱ्हाळ'.

"ही काय भानगड?" मी विचारलं.

"भानगड न्हाई ताई, पगार हाय. एकेक गुऱ्हाळ एकेक खेळाडू पोसतं. ज्याचा गूळ खायचा त्याचं नाव पाठीवर. तोंडं काय, दरसाल बदलत्यात. गुऱ्हाळं हितंच हायेत. म्हनून फोटू पाठनं काढलाय."

आमच्याकडं मुंबई-पुण्याच्या मोठमोठ्या कंपन्यांची नावं छातीवर लावून मिरवणारे संघ मी टीव्हीवर बघितलेत. पण चिंचेखालच्या गुऱ्हाळानं पगारी फुटबॉलपटू ठेवलाय, हे ऐकून माझं हसू जरा आवरलं. निघताना त्यानं मिसळीचा विषयच काढू दिला नाही. "दोनकाठच्या पाव्हन्याचं आमी कधी घेत न्हाई. उद्या वरडा जोरात, म्हंजी फिटलं."

मी मनात म्हटलं, बाबा रे, मी जन्मात दुसऱ्या गावासाठी ओरडलेली नाही.

राहू

यवतहून राहूकडं जाताना दोन्ही बाजूंनी ऊस. आमच्याकडंही ऊस आहे, पण आमच्याकडं मध्ये डोंगर येतो, ओढा येतो, नजरेला बदल मिळतो. इथं सरळ रस्ता आणि अंगावर येणारा ऊस. अधूनमधून धुराडं दिसतं आणि उकळत्या रसाचा वास नाकात शिरतो. त्या वासानं मात्र मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

अश्विनीनं जेवायला हुसेनमामांना बोलावलं होतं. हुसेनमामा मुलाणी म्हणजे हा क्लब ज्यांनी जन्माला घातला ते. राहूचेच, पण नोकरी दौंडच्या रेल्वे यार्डात केली. उंच, ताठ, पांढरी दाढी, आणि बसतानासुद्धा पाय असे ठेवणार की कधीही बॉल येईल. त्यांच्या घरून जैनबमामींनी चिलापीचं कालवण पाठवलं होतं. भीमेतला मासा, बाजरीची भाकरी. मी पहिल्या घासाला गप्प झाले. कोल्हापूरची बाई जेवताना गप्प होते याचा अर्थ अश्विनीला माहीत आहे, तिनं आणखी वाढलं.

मामा सांगायला लागले. दौंडच्या रेल्वे मैदानावर जुन्या काळापासून फुटबॉल चालायचा. नवीन लागलेले मामा ड्यूटी संपली की कडेला उभे राहून बघत. एकदा अकरावा माणूस आला नाही म्हणून त्यांना आत ढकललं.

"तवापास्नं बाहेर आलोच न्हाई बगा," मामा म्हणाले.

सुट्टीला येताना त्यांनी डब्याच्या पिशवीतून बॉल आणला. राहूच्या पोरांना गोळा केलं. मैदान कुठलं? तोडणी झालेल्या रानात खेळायचे. उसाचे बुडखे पायात घुसायचे, म्हणून उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातल्या वाळूत उतरायचे. पलीकडच्या काठावर वडगाव रासाई. नदी मध्ये आल्यामुळं तालुकासुद्धा बदलतो, हे दौंडवाले, ते शिरूरवाले. वडगावची पोरं आधी काठावर उभी राहून बघायची. मग दगड मारायला लागली. मग खेळायला उतरली.

"आन् पयल्याच मॅचला डोकी फुटली," मामा अगदी अभिमानानं म्हणाले. "दोन्ही गावची मान्सं काठ्या घिऊन पात्रात. मी मधी उभा. म्हनलं, एकमेकासंगं खेळून तुमाला जमत न्हाई, तर एका बाजूनं खेळा. मारामारी करायची तर तिसऱ्याशी करू."

अशी दोनकाठची स्थापना झाली. आणि तेव्हाच एक नियम ठरला, तो आजतागायत पाळतात. कप्तान ज्या काठचा, गोलकीपर त्याच्या पलीकडच्या काठचा. दर साली अदलाबदल. कारण मामांचं म्हणणं, पुढचा एका गावचा आणि मागचा दुसऱ्या गावचा असला की मधल्या सगळ्यांना दोघांचंही ऐकावं लागतं. आमच्या पेठेत एका संघात दोन गल्ल्यांची पोरं नांदत नाहीत, म्हणून मला हे ऐकून हेवा वाटला. तसं कबूल केलं नाही.

पुढची कहाणी सचिन आणि मामा एकमेकांचं बोलणं तोडत सांगत राहिले. जत्रेतल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर. पुन्हा गेले, पुन्हा बाहेर. मग एका साली शिल्ड आणलीच, ती ट्रॅक्टरवर ठेवून आधी या काठाला, मग त्या काठाला मिरवली. जिल्ह्याच्या स्पर्धेत बूट सक्तीचे होते. पोरं जन्मात पहिल्यांदा बूट घालून खेळली, टाचेला फोड आले, सामना हरले. मामांनी त्यावर काढलेला उपाय आमच्या कुठल्या प्रशिक्षकाला सुचला नसता. दिवाळीपर्यंत सगळ्या पोरांनी बूट घालूनच उसाला पाणी द्यायचं! गावातल्या म्हाताऱ्या हसून हसून बेजार, पण पुढच्या वर्षी जिल्ह्याचा चषक राहूच्या चावडीत होता.

मग राज्याची व्यावसायिक लीग आली. खेळाडू पगारी पाहिजेत, म्हणजे पोरांनी रोजगार सोडून रोज सराव करायचा. दोन्ही गावांची बैठक बसली. तिथं रामबचन नावाचा गुऱ्हाळवाला उठला. हा मूळचा उत्तर प्रदेशातला, राहूत भाड्यानं गुऱ्हाळ चालवत इथलाच झालेला. तो म्हणाला, "एक लड़का मेरे नाम लिख दो. खाना-पीना, तनखा, सब मेरा." त्याच्यामागून बाकीची गुऱ्हाळं उठली. लीगच्या खालच्या गटात दोनकाठनं पुण्याच्या संघांना हरवलं, नागपूरच्या संघाला त्यांच्या घरी जाऊन हरवलं. आणि आता शेवटचा सामना मुंबईच्या एका बड्या संघाशी. बरोबरी झाली तर मुंबईवाले वर जाणार. दोनकाठला जिंकणंच भाग होतं.

"वर गेलो तर काय होईल, मामा?" मी विचारलं.

मामांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "मी दौंडाहून एक बॉल आनला हुता, ताई. तेवढा एक वर गेलेला बघायचाय."

वडगाव रासाई

जेवण झाल्यावर त्याच दुपारी मामांबरोबर पूल ओलांडून पलीकडं गेले. मैदान वडगावच्या हद्दीत, नदीच्या अंगाला. ते दत्तूआप्पांच्या रानात आहे. आप्पा मोठे बागायतदार, सोसायटीत वजन असलेले, पण मला भेटले ते अनवाणी, गवतावर उकिडवे बसलेले. माझ्या पायांकडं बघून म्हणाले, "ताई, चपला तेवढ्या बांधाला काढा."

काढल्या. देवळात काढते तशा काढल्या.

मैदान बघून मी खरंच थक्क झाले. बाहेर सगळं रान ढेकळांचं आणि मध्ये हा हिरवा गालिचा. आप्पांनी तो हरळीचा केलाय. शेतकऱ्याला हरळी म्हणजे काय हे सांगायला नको. उसात शिरली की पीक खाते, खुरप्यानं काढून काढून माणसं म्हातारी होतात पण ती संपत नाही.

"जलमभर हिला शिव्या घातल्या," आप्पा गवतावरून हात फिरवत म्हणाले. "आता हीच लावतुय. बायकू म्हंती, आमच्या बापानं हरळी काढनारा नवरा बघितला हुता, हे काय झालं!"

त्यांचा मुलगा विक्रम यंदाचा गोलकीपर, कारण कप्तान सचिन राहूच्या काठचा. विक्रम गोलाच्या चौकटीत उड्या मारत होता आणि प्रत्येक उडीला आप्पा डोळे मिटून घेत होते. पोराला लागेल म्हणून नव्हे. गवत उपटेल म्हणून.

"आमच्या कोल्हापुरात मैदान असं..." मी सुरू केलं, आणि पुढं काही सुचेना. आमचं मैदान मोठं आहे, गर्दी मोठी आहे, आवाजाला तर तोड नाही. पण आमच्या मैदानाचा कुणी असा लाड केलेला मी बघितलेला नाही.

परत निघताना आप्पा मामांना म्हणाले, "ऊन लई हाय. एक हलकं पानी देतो म्हंतोय. उंद्या हिरवंगार दिसंल."

"हलकंच," मामा म्हणाले.

"मला शिकवताय का मामा पानी द्यायला?"

सामन्याचा दिवस

सकाळी अश्विनीच्या दारात मोटरसायकल येऊन थांबली आणि सचिन चहा तसाच टाकून पळाला. आम्ही मागोमाग. पुलावरूनच दिसलं. आभाळ निरभ्र, कुठं ढगाचं नाव नाही, आणि मैदानात तळं साचलेलं. वडगावकडच्या गोलाशेजारच्या कोपऱ्यात चार बगळे उभे होते आणि निवांत किडे टिपत होते.

झालं होतं असं. आप्पांनी दिलं ते हलकंच पाणी. वीज गेली, मोटार थांबली, आप्पा घरी गेले. पण मोटारीचा स्टार्टर ऑटोवर राहिला. या भागात विजेचं वेळापत्रक असं की ती नको तेव्हा येते, म्हणून शेतकरी बटण ऑटोवर ठेवूनच झोपतो. लाइट आली की मोटार आपसूक चालू. आप्पांच्या हाताला उसाची सवय. आयुष्यभर ज्या हातानं बटण तिकडं सारलं, त्याच हातानं ते कालही सारलं. रात्री लाइट आली आणि उजाडेपर्यंत मोटारीनं मैदानाला उसासारखं पाणी पाजलं.

दुपारी लीगचे अधिकारी मैदान तपासायला येणार होते. मैदान खेळण्याजोगं नसेल तर सामना मुंबईवाल्यांना बहाल, असा नियम. म्हणजे न खेळताच सगळं संपलं.

आप्पा गुडघाभर चिखलात उभे होते. विक्रम बापाकडं न बघता बांधावर बसला होता. सचिननं डोक्याला हात लावलेला. हुसेनमामा ताठ उभे होते, पण त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. अलीकडच्या काठची पोरं आणि पलीकडच्या काठची पोरं हळूहळू दोन बाजूंना सरकून उभी राहायला लागली. पात्रातल्या काठ्यांची गोष्ट मी कालच ऐकली होती.

मला राग आला की मी गप्प बसत नाही. ओरडलेच, "सुतक पडलंय काय रे? आमच्याकडं भर पावसात भुसा टाकून सामने काढलेत! उचला काहीतरी!"

"एवढा भुसा कुठनं आणायचा, मावशी?" सचिन म्हणाला.

"लाकडाचा नाही तर कशाचाही! पाणी पिणारं काहीही आणा!"

अश्विनी माझ्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, "चिपाडं."

सगळे तिच्याकडं बघायला लागले, पण जागचं कुणी हललं नाही. त्याचं कारण मला कळत होतं, मीही गुळाच्या मुलखातली आहे. उसाचा रस काढून झाला की उरतो तो चोथा म्हणजे चिपाडं. ती वाळवून चुलाणात, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीत घालायची, त्यावर रसाची काहील उकळायची. वाळलेली चिपाडं संपली की गुऱ्हाळ थंड. गाळलेला रस आंबून जाणार, तोडलेला ऊस वाळणार. हंगामात चुलाण विझवणं कुठल्याच गुऱ्हाळवाल्याला सोसत नाही.

रामबचन तिथंच होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर गेल्या. तो चिखलाकडं बघत म्हणाला, "भट्ठी ठंडी हो जाएगी, मामा."

"ठावं हाय," मामा म्हणाले. "मी मागनार न्हाई तुला."

रामबचननं पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळला. "माँग कौन रहा है? मेरे गुऱ्हाळ का नाम लड़के की पीठ पर है कि नहीं है? वो पीठ आज बगैर खेले घर जाएगी क्या? ट्रैक्टर लाओ!"

मी कोल्हापुरात मिरवणुका बघितल्यात, पण त्या सकाळी पुलावरून आल्या तशा ट्रॉल्या बघितल्या नाहीत. पुलाजवळचं, चिंचेखालचं, खालच्या आळीचं, एकेक गुऱ्हाळ रितं होऊन येत होतं. राहूकडची धुराडी एकामागून एक शांत झाली. वडगावच्या माणसांनी कडेनं चर खोदून पाणी नदीकडं काढून दिलं. मग चिपाडं पसरायची, पायांनी दाबायची, ओली झाली की दाताळ्यानं ओढून काढायची, पुन्हा कोरडी टाकायची. बाया घमेली घेऊन आल्या. जैनबमामी आल्या, आप्पांची बायको आली. मी साडीचा काचा मारला आणि दाताळं धरलं. कोण कुठल्या काठचं हे चिखलानं कळेनासं झालं होतं. आप्पा सगळ्यांच्या पुढं होते. बोलत नव्हते, नुसते ओढत होते, आणि हरळी उपटली जाऊ नये म्हणून दाताळ्याखाली हात घालत होते.

अधिकारी आले ते चकचकीत बुटांचे. त्यांनी बॉल टाकून बघितला. मध्यावर उसळला. बाजूंना उसळला. बगळ्यांच्या जागी मात्र नुसता पच्‌ असा आवाज आला.

"इथं पाणी आहे," ते म्हणाले.

मामा पुढं झाले. "साहेब, एवढा कोपरा ऱ्हायला. आमाला वाईच टाईम द्या."

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडं बघितलं, मग चिखलानं माखलेल्या त्या सगळ्या माणसांकडं बघितलं. "सामना अर्ध्या तासानं उशिरा सुरू करू. तोवर झालं तर झालं." त्या कोपऱ्यात शेवटची ट्रॉली रिकामी झाली. दुसऱ्यांदा बॉल टाकला तेव्हा तो घोट्यापर्यंत उडाला. "चालेल," ते म्हणाले, आणि जो आवाज झाला त्यानं नदीवरची पाखरं उठली.

मुंबईवाल्यांचे प्रशिक्षक गाडीतून उतरले, नाक वर करून हुंगायला लागले. मैदानाला गुळाचा वास येत होता. थोड्या वेळानं त्यांचा राखीव खेळाडू बाकावरून उडी मारून उठला. गोडाला मुंगळे आले होते. त्यांनी रीतसर तक्रार केली. अधिकारी म्हणाले, मुंगळ्यांबद्दल नियमात काही नाही.

सामना सुरू व्हायच्या आधी मी आप्पांना शोधलं. ते मोटारीच्या खोलीत जाऊन बसले होते, दाराला आतून कडी. विक्रमच्या आईनं सांगितलं, "म्हनत्यात, मी तिथं बसतो, बटनापाशी. मैदानात त्वांड दाखवायचं न्हाई मला."

खेळ सांगायचा तर थोडक्यात सांगते, नाहीतर मला थांबता येत नाही. मुंबईची पोरं देखणी खेळत होती, पण पायाखालची जमीन जड होती. तरी त्यांनीच पहिला गोल केला. सगळं मैदान गार. मी स्वतःशी म्हटलं, आपलं काय जातंय, आपण पाहुणे. मग मध्यंतरानंतर सचिननं कॉर्नरवर डोकं लावलं, जाळी हलली, आणि बघते तर मी बाकावर उभी! जड रानात मुंबईवाले दमायला लागले होते. आमची पोरं उसाला पाणी देत वाढलेली, त्यांना चिखल नवा नव्हता. आमची म्हणाले का मी? म्हणाले. सामना संपत आला तेव्हा नितीननं, म्हणजे ज्याच्या पाठीवर रामबचनच्या गुऱ्हाळाचं नाव त्या पोरानं, दोघांना चकवून दुसरा गोल ठोकला. रामबचन धावत कडेच्या रेषेपर्यंत गेला आणि तिथंच खाली बसून रडायला लागला.

आणि शेवटच्या क्षणी पेनल्टी! आमच्या बचाववाल्याचा हात लागला. ती पेनल्टी वडगावकडच्या गोलावर, बगळ्यांच्या कोपऱ्याशेजारी. विक्रम चौकटीत उभा. हुसेनमामांनी पाठ फिरवली. अश्विनीनं माझा दंड एवढा दाबला की तो नंतर काळानिळा पडला. मुंबईच्या पोरानं जोरात मारला, विक्रम डावीकडं झेपावला, चिखलातून घसरत गेला, आणि बॉल त्याच्या पंज्याला लागून खांबाबाहेर!

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. शिट्टी वाजली. दोन्ही काठ मैदानात घुसले. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, अनवाणी, चिखलानं लडबडलेली, अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होते. माझ्या पेठेनं चषक जिंकला तेव्हा जेवढा आनंद झाला होता, तेवढाच झाला. खोटं कशाला बोलू, जरा जास्तच झाला.

पोरं हुसेनमामांना उचलायला आली. मामांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि गर्दीतून वाट काढत मोटारीच्या खोलीकडं निघाले. आम्ही सगळे मागं. मामांनी दार वाजवलं.

"आप्पा, उघडा. जिंकलो."

मामांनी पुन्हा दार वाजवलं.

"विक्रमनं पेनल्टी आडवली, आप्पा. वर गेलो आपुन."

"ऐकलं मामा," आतून आवाज आला, भरलेला. "लई झाक झालं. तुमी व्हा म्होरं. मैदान आता दुसऱ्या कुनाच्या हाती द्या. माझ्या हातानं समदं बुडालं असतं."

मामा आयुष्यभर त्यांना आप्पा म्हणत, तुम्ही म्हणत. त्या दिवशी त्यांनी दारावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "दत्तू. दार उघड. दुसरा कुनी न्हाई. क्लब हाय तवर मैदान तुजंच हाय."

कडी निघाली. आप्पा बाहेर आले, डोळे लाल, मिशीला चिखल. पुढं सरसावला तो विक्रमच. त्यानं आणि सचिननं, पलीकडच्या आणि अलीकडच्या पोरानं, आप्पांना खांद्यावर घेतलं. गुलाल नव्हता, हलगी नव्हती, चिखलाचे हात वर करून सगळे ओरडत होते. मिरवणूक मैदानात शिरली. आप्पा खांद्यावर बसून ओक्साबोक्शी रडत होते, आणि रडता रडता त्यांचं लक्ष खाली गेलं.

"आरं ए!" आप्पा गरजले. "मधनं कुठं चाललाय? वली हरळी हाय ती! तुडवू नका! कडंनं चला, कडंनं!"

आणि राज्याच्या वरच्या लीगमध्ये गेलेल्या क्लबची ती सगळी विजयी मिरवणूक, दोन्ही गावं, रामबचन, मामा आणि मी, मुकाट्यानं बाजूला झाली आणि मैदानाच्या कडेकडेनं गेली.